मोंरेआलचा आंबट रस

मोंतान्य ब्लांश,
६ मे १९८४

कुंती,

मायना काय घालावा ते सुचेना, म्हणून घातलेला नाही. हे पत्र तुझ्या आईच्या प्रकृतीबद्दल आहे आणि तेवढ्यापुरतंच आहे. तुझा पत्ता तिनेच दिला. तो तिच्याकडे होता हे मला आजवर माहीत नव्हतं, पण तो विषय आत्ता नको.

तू कॅनडात मोंरेआलच्या मोठ्या इस्पितळात नर्स आहेस आणि मूत्रविकारांच्याच वॉर्डात आहेस, असंही ती म्हणाली. म्हणून विचारतो.

गेल्या वर्षापासून तिला त्रास होतो आहे. कसला, ते बापाने मुलीला लिहावं असं नाही, पण दुसरं कोण लिहिणार? तिला मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. तर लघवीला जळजळ होते. जाऊन आली की लगेच पुन्हा जावंसं वाटतं. बसली की उठते, उठली की परसाच्या टोकापर्यंत जाते, परत येते, पुन्हा उठते. तिच्या येरझाऱ्या ऐकून माझंही कशात लक्ष लागत नाही. दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्या की बरं वाटतं, आणि महिना-दोन महिन्यांत पाहुणा परत दाराशी हजर. शेजारची सत्यवती मक्याच्या कणसाचे केस उकळून काढा आणून देते. तो पिऊन काही झालं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

मागच्या वेळी मात्र ताप चढला, पाठ धरली. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले होते. डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं की हे असंच वारंवार होत राहिलं तर मूत्रपिंड जाईल, आणि या वयात जिवावरही बेतू शकतं. तिला मी हे सांगितलेलं नाही. तू पण सांगू नकोस. अर्थात तू कशी सांगणार.

दुखणं आलं की काय करायचं ते इथल्या डॉक्टरांना कळतं. मला हवंय ते हे, की ते परत येऊच नये म्हणून काय करतात?

उत्तर औषधापुरतं दे. आपल्याच बेटावरच्या सुरिनाम गावातलं सासर टाकून तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. तुझे सासरे बाबूराव अजून मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत आहेत, मी अध्यक्ष आहे, आणि दर महिन्याला आम्ही दोघं एकाच बाकावर बसून सभा चालवतो. कसे बसतो ते आमचं आम्हाला ठाऊक. या पत्राने त्यात काही बदल होत नाही, एवढं लक्षात असू दे.


मोंतान्य ब्लांश,
२२ जुलै १९८४

कुंती,

पाच पानं! मी औषधापुरतं म्हटलं होतं. तुझ्या घराच्या खिडकीतून नदी दिसते हे तुझ्या आईला वाचून दाखवलं, कारण तिने सारखा हट्ट धरला. ‘अजून काय लिवलाय?’ असं चाललं होतं. एकच पान मला तीनदा वाचायला लावलं. ऊस तोडणी चालू आहे, रस्ताभर बैलगाड्यांसारखे ट्रक, धूळ, काळी राख कपड्यांवर, आणि मी आपला ओसरीत बसून नदीचं वर्णन वाचतोय.

आता तुझे प्रश्न. आई दिवसभरात पाणी किती पिते? लागली की लगेच जाते की दाबून धरते? अगं, हे मी तिला विचारायचं? इतक्या वर्षांच्या संसारात या विषयावर आमच्यात एक वाक्य झालेलं नाही. शेवटी ती तांदूळ निवडत होती तेव्हा मी खिडकीबाहेर उभा राहून, उसाकडे तोंड करून विचारलं. आतून उत्तर आलं, ‘पानी प्यालां की जावां लागतां. मग पियाचांच कशाला?’

आणि मग ती बोलतच सुटली. पोर्ट लुईला बसने जायचं असलं की सकाळपासून घोट घ्यायचा नाही. लग्नघरी नाही. देवळात भजनाला बसायचं तर नाहीच, कारण देवळात बायकांसाठी सोयच नाही. मी इतकी वर्षं त्या देवळाचं बघतोय, दर शनिवारी तिथे मुलांना मराठी शिकवतोय, आणि हे मला ठाऊक नव्हतं. सभेत विषय काढला. सगळे पुरुष छताकडे बघायला लागले. बाबूराव म्हणाले, ‘आता हे काय मंडळाचं काम हाय?’ मी म्हटलं, नाहीतर कोणाचं? अजून डोकं शांत झालेलं नाही.

आता त्या तुझ्या क्रॅनबेरी. तू लिहितेस की या लाल आंबट फळांचा रस तिकडच्या बायका पुष्कळ वर्षं पितात. आधी समज असा होता की त्याने लघवी आंबट होऊन जंतू मरतात. आता अमेरिकेतले संशोधक म्हणतात, मरत नाहीत, पण लघवीच्या पिशवीच्या भिंतीला चिकटू शकत नाहीत आणि वाहून जातात. इथवर छान. पुढे म्हणतेस, नीट पडताळून अजून कोणी पाहिलेलं नाही, तुझ्या वॉर्डात काहींना गुण येतो, काहींना नाही. मग खाली जाड रेघ मारून: दुखणं एकदा उमटलं की रस कामाचा नाही, तिथे गोळ्याच हव्यात, आणि त्याही संपेपर्यंत.

म्हणजे नक्की काय? गुण येतो की येत नाही? मी शेती खात्यात जन्म काढला. तिथे नवीन खत आलं की अर्ध्या शेताला घालायचो, अर्ध्याला नाही, आणि पीक निघाल्यावर तोंड उघडायचो. तुझ्या आईचे दोन भाग कसे करणार?

तरी पाठव. फळच आहे, विष तर नाही.


मोंतान्य ब्लांश,
११ नोव्हेंबर १९८४

कुंती,

पार्सल मिळालं. म्हणजे मिळवलं. पोर्ट लुईला गोदीवरच्या जकात कचेरीत बोलावणं आलं. सकाळची बस धरून गेलो, उन्हात रांगेत उभा राहिलो. अधिकाऱ्याने तुझे लोकरीचे स्वेटर उलगडले, आतली बाटली काढून उजेडाकडे धरली आणि म्हणाला, ‘कि सा सा, मिस्ये? दिवें?’

मी म्हटलं, वाइन नाही, औषध आहे.

‘इतकं लाल औषध?’

मग म्हटलं, फळांचा रस आहे.

‘मग औषध कसं?’

याचं उत्तर तूच मला धड दिलेलं नाहीस. मागे माणसं खोळंबलेली. मंडळाचा अध्यक्ष दारूच्या बाटल्या सोडवतोय असं वाटून एक ओळखीचा गृहस्थ लांबून हसला, त्याचाही राग आला. शेवटी वैतागून अधिकाऱ्याला म्हटलं, चाखून बघा! त्याने बाटलीच्या झाकणात ओतून घेतला. तोंड असं वाकडं केलं की दुसरा हात आपोआप शिक्क्याकडे गेला.

घरी आणल्यावर तुझी आई एक बाटली मांडीवर घेऊन बसली. पदराने पुसली, वरचं फळांचं चित्र बघितलं. म्हणाली, ‘ही तिनां हातात धरलेली?’

म्हटलं, दुकानातून घेतली असेल.

‘तरी दुकानातून तिनांच उचलली ना.’

स्वेटर लगेच अंगात घातला. नोव्हेंबरात, या उकाड्यात! घामाने डबडबली तरी काढेना. बाटल्या बैठकीच्या काचेच्या कपाटात लागल्या आहेत, आमच्या लग्नातल्या चहाच्या कपांशेजारी, चित्र पुढे करून. मी सांगितलं की हे शोभेचं नाही, सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला. ‘पिते, पिते,’ म्हणाली. मी समोर उभा राहून प्यायला लावणार होतो, पण देवळात बायकांच्या सोयीचं बांधकाम सुरू केलंय, गवंड्याच्या मागे उभं राहावं लागतं, नाहीतर तो दार कुठल्या बाजूला काढील याचा नेम नाही. शनिवारी वर्ग. दिवसाकाठी मी घरात असतो किती?

तुझी आई विचारते, तिकडे थंडीत तू पायात काय घालतेस. विचारायला सांगितलं म्हणून लिहिलं.


मोंतान्य ब्लांश,
१७ मार्च १९८५

कुंती,

रस काम करतो!

पार्सल आल्यापासून तुझ्या आईची एकदाही तक्रार नाही. ताप नाही, जळजळ नाही. मी रोज विचारतो. रोज उत्तर एकच, ‘मना काय नाय झालां.’ तू ‘कदाचित’ लिहीत बसलीस, मी इथे डोळ्यांनी बघतोय. दवाखान्यातल्या डॉक्टरांना मुद्दाम भेटून सांगितलं. त्यांनी या फळाचं नाव ऐकलं नव्हतं. मी त्यांना चिकटणं आणि वाहून जाणं सगळं समजावून दिलं. हे पत्र तू तुझ्या वॉर्डात खुशाल वाचून दाखव.

ती अजून वरचेवर उठते, परसात जाते, पण वय झालं की तेवढं व्हायचंच.

बाटल्या मात्र भराभर संपतात. मधल्या काळात आलेल्या दोन पार्सलांतल्याही संपत आल्या. तिला चव चांगलीच लागलेली दिसते, मला तर एक घोटसुद्धा गिळवला नाही. लवकर पाठव. ती रोज आठवण करते, ‘पोरीला लिवा, पोरीला लिवा’, आणि मी पेन शोधेपर्यंत डोक्याशी उभी राहते.

एक गंमत सांगतो. हल्ली आपल्या घरी बायकांची वर्दळ वाढली आहे. दुपारी मी देवळातून जरा लवकर आलो की चार-पाच जणी बसलेल्या असतात, मला बघून पदर सावरून उठतात. सत्यवती तर मला रस्त्यात थांबवून विचारते, ‘भावजी, कुंती बरी हाय ना?’ मी गडबडलोच. इतक्या वर्षांत हे कोणी मला विचारलेलं नाही. बरी आहे, म्हटलं. तिकडे बर्फ पडतं, असंही सांगितलं. ते तिने विचारलं नव्हतं.

आणि गेल्या सभेत बाबूराव. कागद आवरता आवरता मान खाली घालून म्हणाले, ‘वैनींना बरां हाय म्हणे, पोरीच्या औषधानां.’ पोरीच्या म्हणाले. मी चष्मा पुसत बसलो. ही बातमी पार सुरिनामपर्यंत पोचली कशी, याचा विचार घरी येईपर्यंत करत होतो.

बर्फात तुला इस्पितळापर्यंत चालत जावं लागतं का? पायात काय घालतेस ते तू अजून कळवलेलं नाहीस. तुझ्या आईला काळजी वाटते.


मोंतान्य ब्लांश,
८ सप्टेंबर १९८५

कुंती,

तुझं पत्र कालच आलं आणि मला कालपासून चैन नाही.

पुढच्या आठवड्यात हरितालिका. तू लिहितेस, आईला निर्जळी उपास करू देऊ नका, दिवसभर पाणी न पिणं हे तिच्या दुखण्याला आमंत्रण आहे. मी वाचून दाखवलं. दोनदा वाचलं, मोठ्याने. ती पाटावर वाळू चाळत बसली होती, महादेवाची पिंड करायची म्हणून. म्हणाली, ‘लगीन झाल्यापासून मोडला नाय. आता म्हातारपणी मोडू?’

मी म्हटलं, हा उपास नवऱ्यासाठी असतो ना? मग मी नवरा सांगतो, मला नको.

‘तुमच्यासाठी नाय.’

मग कोणासाठी? ती चाळणी आपटत राहिली.

मी तिला रागावलो, मग समजावलं, मग पुन्हा रागावलो. बाहेर जाऊन आलो. गणपतीची मूर्ती आणायची आहे, झाकरीच्या नाचाची तालीम आहे, समुद्रावर विसर्जनाला जायच्या बसगाड्या ठरवायच्या आहेत, माणसं दारात येऊन उभी, आणि मला एकच सुचतंय की हिने पाणी प्यावं. आज्ञा करावी तर ती ऐकेल, ऐकते ती माझं, पण सणात डोळ्याला पदर लावून फिरत राहील. शेवटी मी असं ठरवलं आहे की करू दे. एवढे महिने त्रास नाही. तुझा रस रोज पोटात जातो आहे, जंतूंना चिकटायला जागाच नाही. एका दिवसाने काय होणार?

तू रागावशील. पण तू इथे नाहीस आणि ती इथे आहे, तिचं तोंड मला बघायचं असतं.


इस्पितळातून,
२१ सप्टेंबर १९८५

कुंती,

तुझी आई जिवंत आहे. आधी ते लिहितो. शुद्धीवर आहे, बोलते.

सगळं सरळ सांगायचा प्रयत्न करतो. व्हरांड्यात बाकावर बसून लिहितोय, कागद नर्सकडून मागून घेतला. मध्येच उठावं लागतं.

हरितालिकेला तिने थेंब घेतला नाही. संध्याकाळी चेहरा उतरला होता, पण उपासाचा म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी घरी गणपती बसला. आरतीला उभी होती, हातातलं तबक खडखडायला लागलं. सत्यवतीने पटकन धरलं म्हणून, नाहीतर निरांजनासकट पडली असती. अंग तव्यासारखं. दात वाजत होते. मला तिने तुझ्या मामाच्या नावाने हाक मारली, आणि ‘दादा, बोट आली काय?’ असं काहीतरी विचारलं. शेजाऱ्याच्या व्हॅनमध्ये घालून इथे आणली. गणपती तसाच, आरती अर्धवट.

जंतू दोन्ही मूत्रपिंडांत. सुईतून औषध चालू केलं, पाण्याची बाटली टांगली. तरुण डॉक्टर आहे, शांत. मी त्याला सांगितलं, असं होणं शक्यच नाही, ही रोज क्रॅनबेरीचा रस पिते, कॅनडाहून येतो.

‘रोज?’ त्याने विचारलं.

‘रोज.’

तेव्हा मागून सत्यवती म्हणाली, ‘नाय ओ दोक्तेर. ती कुठां पीत होती!’

मग माझ्यासमोर सगळं बाहेर आलं, डॉक्टरच्या समोर, दोन नर्सच्या समोर. तुझ्या आईने रस प्यायला नाही, कुंती. पहिल्या दिवशी घोटभर घेतला असेल तेवढाच. ती तो वाटत होती. मी देवळाच्या बांधकामावर असायचो तेव्हा बायका यायच्या, हात धुऊन ओळीने बसायच्या, आणि ही चमच्याने एकेकीच्या तळहातावर घालायची, देवाचं तीर्थ घालावं तसा. ‘माझ्या कुंतीनां पाठवलाय.’ ज्यांनी नऊ-दहा वर्षं तुझं नाव तोंडात घेतलं नाही त्या हात पुढे करून विचारायच्या, कुंती काय करते, कुंतीला पगार किती, कुंती दिसते कशी आता. चमचा मिळायचा तो तुझ्याबद्दल विचारल्यावर. एक अख्खी बाटली स्वेटरमध्ये गुंडाळून सुरिनामला गेली, बाबूरावांच्या बायकोसाठी, तुझ्या सासूसाठी. तिचे गुडघे दुखतात म्हणून! गुडघ्यांचा काय संबंध? पण त्या बाईने ठेवून घेतली आणि रिकाम्या बाटलीत आंब्याचं लोणचं भरून परत पाठवलं. ते मी खाल्लं. चांगलं होतं.

एवढ्यावर संपत नाही. ती बरीही नव्हती. फेब्रुवारीत दुखणं आलं, जूनमध्ये पुन्हा आलं. सत्यवतीला घेऊन गुपचूप दवाखान्यात जायची, मला सांगायची बाजारात जाते. गोळ्या आणायची, जळजळ थांबली की उरलेल्या टाकून द्यायची, घरात सापडू नयेत म्हणून. आणि मी मार्चमध्ये तुला लिहीत होतो, रस काम करतो.

मी सत्यवतीला विचारलं, ओरडलोच जवळजवळ, की हे सगळं लपवायचं कारण काय? ती रडायला लागली. म्हणाली, ‘ती म्हणायची, रसानां गुण येत नाय कळलां तर भावजी लिवायचां बंद करतील.’

मी उठून इस्पितळाच्या आवारात चालत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. रखवालदाराने दोनदा हटकलं.

मार्चमधलं माझं पत्र रद्द समज. वॉर्डात वाचून दाखवलंस असं तू कळवलं होतंस, तर त्या लोकांनाही सांग. रसाने गुण आला हे खोटं आहे. रसाने गुण आला नाही म्हणशील तर तेही खोटंच, कारण तो पोटात गेलाच नाही. शेती खात्यात असा अहवाल कोणी आणला असता तर मी त्याच्या तोंडावर फेकला असता.

आत बोलावतायत. जातो.


मोंतान्य ब्लांश,
६ ऑक्टोबर १९८५

कुंती,

तुझ्या आईला घरी आणलं. तुझी तार पोचली होती, तिच्या उशाखाली आहे.

इस्पितळातला तो तरुण डॉक्टर म्हणाला, एक मूत्रपिंड दुबळं झालंय, पण चालेल. दुसरं चांगलं आहे. काही महिने रोज रात्री एक छोटी गोळी घ्यायची, ती चुकवायची नाही, आणि पाणी भरपूर. रसाचं मी त्याला पुन्हा विचारलं, विचारल्याशिवाय राहवेना. म्हणाला, आवडत असेल तर घेऊ दे, एखादवेळेस फायदाही होईल, त्यालाही ठाम सांगता येत नाही, फक्त गोळीच्या जागी नको. तू पहिल्याच पत्रात हेच लिहिलं होतंस. तेव्हा मी तुझ्यावर चिडलो होतो.

गोळी मी स्वतः देतो आणि ती गिळेपर्यंत समोरून हलत नाही. पाण्याचा तांब्या हातात घेऊन तिच्या मागे मागे फिरतो. ती म्हणते, ‘जळ्ळां तुमचां पानी!’ आणि पिते. देवळातली बायकांची सोयही पुरी झाली. दार गवंड्याने रस्त्याच्या बाजूलाच काढलं होतं, ते बुजवून मागून काढायला लावलं.

ती घरी आली त्या दिवशी मी तिचं अंथरूण घातलं, गोळ्या मोजून ठेवल्या. मला राग होता, आणि तो कोणावर काढावा ते समजत नव्हतं. तिच्यावर काढावा तर ती उशाला टेकून बसलेली, हाताला सुईचे काळेनिळे डाग. काल दुपारी मी कपाट आवरत होतो. तिने अंथरुणातून विचारलं, ‘आता तिला काय लिवाल?’

म्हटलं, काय म्हणजे?

‘मी बरी झाली तर. दुखणां गेलां तर लिवायचां काय?’

हे तिने इतक्या साध्या आवाजात विचारलं, डाळ संपली का म्हणून विचारावं तसं. मी कपाटाचं दार धरून उभा राहिलो. मला आठवेना की आमच्या घरात तिच्या मनात काय चाललंय हे मी शेवटचं कधी विचारलं होतं. माझं पत्र सुरू राहावं म्हणून या बाईने मूत्रपिंड पणाला लावलं होतं, आणि अजून तिला भीती मरणाची नव्हती, बरं होण्याची होती. मला रडू आलं, कुंती. तिने ते बघितलं.

तेव्हापासून हे पत्र लिहितोय. लिहायला बसतो, उठतो, ओसरीत जातो, परत येतो. आतापर्यंत दोन फाडली. एकात लिहिलं होतं की आईची प्रकृती अजून नाजूक आहे, भेटून जा. दुसऱ्यात लिहिलं होतं की मूत्रपिंडाची पुढची तपासणी व्हायची आहे, तू जाणकार आहेस, समोर असलीस तर बरं. दोन्ही तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘खोटां नका लिवू. मग ती दुखणां बघाया येईल न् दुखणां बघून जाईल.’

मग म्हटलं, काय लिहू? तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

सुरिनामचे लोक काय म्हणतील, सभेत मी कुठल्या तोंडाने बसेन, तू गेलीस तेव्हा बरोबर कोण होतं, याची उत्तरं मी दहा वर्षं जुळवत आलो आणि ती जुळत नाहीत. जुळायची वाट बघायला आता माझ्याकडे धीर नाही. विमानाची वेळ कळव, मी विमानतळावर उभा असेन. घरी समोरच्या दारानेच यायचं, भरदिवसा. आलेल्या बायकांना बाहेर थांबायला सांगेन, पण त्या थांबणार नाहीत, तेव्हा तयारी ठेव.

बाटल्या आणू नकोस. तपासणीचे कागद मी पाठवत नाही, त्यात काही विशेष नाही. ताप नाही, जळजळ नाही, भूक लागते, आज स्वतः उठून तिने भात टाकला. खरंच सांगतो, या वेळी डोळ्यांनी बघून सांगतो, तुझी आई बरी आहे. तुला बोलवायला माझ्याकडे आता एकही कारण उरलेलं नाही.

तू ये.